कोमा क्लस्टरचे फोटो, ८ इंची न्यूटोनियनवर: फेब्रुवारी ते मे २०२५च्या नोंदी

२२ फेब्रुवारी

आधी सामान लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना अंदाज येईल. २०० मिमीची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, एफ/५, म्हणजे फोकल लेंथ १००० मिमी. कोमा करेक्टर, म्हणजे कडेचे तारे ताणलेले येऊ नयेत म्हणून लावायची भिंगं (या कोमाचा क्लस्टरच्या नावाशी संबंध नाही). कूलिंगवाला कलर कॅमेरा, आयएमएक्स ५७१ सेन्सर, ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल. या जोडीत एका पिक्सेलवर ०.७८ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आकाश येतं आणि पूर्ण फ्रेम साधारण १.३५ बाय ०.९ अंशांची होते. आकाशाबरोबर आपोआप फिरणारा इक्वेटोरियल गोटू माउंट, आणि गायडिंगसाठी, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सतत दुरुस्त करण्यासाठी, ५० मिमीची छोटी गायडस्कोप.

टार्गेट आहे कोमा क्लस्टर हा दीर्घिकांचा समूह, म्हणजे जॉर्ज एबल यांच्या यादीतला एबल १६५६. देवयानी, एम ८१, एम ५१ हे सगळं आधी करून झालंय, पण अंतराच्या हिशोबात ते फार जवळचं. एम ८१ साधारण १.२ कोटी प्रकाशवर्षांवर, कन्या राशीतला मोठा समूह ५.५ कोटींच्या आसपास, आणि कोमा ३२-३३ कोटींवर. फ्रिट्झ झ्विकीने १९३३मध्ये इथल्याच दीर्घिकांचे वेग बघून सांगितलं होतं की दिसणाऱ्या वस्तुमानात हा समूह बांधून राहूच शकत नाही, कृष्णद्रव्याची गोष्ट तिथून सुरू होते. तो समूह आपल्या दुर्बिणीतून येतो का हे बघायची इच्छा बरीच वर्षं होती.

आकाशातली जागा सोपी आहे. अरुंधती केश तारकासमूहातला बीटा तारा पकडायचा आणि तिथून अडीच अंश पश्चिमेला जायचं. आपल्या आकाशगंगेचा उत्तर ध्रुव याच भागात येतो, म्हणजे आपण आकाशगंगेच्या पातळीतून सरळ वर बाहेर बघतो, मधली धूळ सगळ्यात कमी. पण त्याच कारणाने तारेही कमी, आणि त्याचा त्रास पुढे झालाच, ८ मार्चच्या नोंदीत आहे.

२६ फेब्रुवारी

पहिली रात्र गच्चीवरून. पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं, कॅमेऱ्याने प्लेट सॉल्व्ह करून (फोटोतल्या ताऱ्यांवरून सॉफ्टवेअरने नेमकी जागा ओळखून) केलं, १ आर्कमिनिटाच्या (६० आर्कसेकंदांच्या) आत आणलं, त्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. ध्रुव तारा झाडामागे असला तरी चालतं, आकाशाच्या दुसऱ्या तुकड्यावरूनही सॉफ्टवेअर हिशोब लावतं.

फ्रेम लावल्यावर पहिली अडचण दिसली ती एका ताऱ्याची. क्लस्टरच्या मधोमध एनजीसी ४८७४ आणि एनजीसी ४८८९ (एनजीसी हा एका कॅटलॉगचा क्रमांक) या दोन लंबवर्तुळाकार राक्षसी दीर्घिका आहेत, आणि ४८७४च्या बरोबर उत्तरेला सातेक आर्कमिनिटांच्या आत साधारण सातव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक) एक तारा बसलेला आहे. न्यूटोनियनच्या स्पायडरमुळे, म्हणजे दुय्यम आरसा धरणाऱ्या पट्ट्यांमुळे, ताऱ्याला चार काटे येतात आणि माझी ट्यूब ज्या पद्धतीने बसवलेली असते त्यात ते उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जातात. म्हणजे एक काटा थेट दीर्घिकेवर. एका फ्रेममध्ये जाणवत नाही, पण चित्र स्ट्रेच केलं, म्हणजे अंधुक भाग उजळवला, की ४८७४च्या हेलोमधून (भोवतीच्या फिकट उजेडातून) रेघ गेलेली दिसते आणि ती नंतर काढता येत नाही.

उपाय म्हणजे ट्यूब रिंगांमध्ये ४५ अंश फिरवायची, काटे तिरके जातात. ट्यूब फिरली की फोकसर बाजूला येतो, मग माउंटच्या डेक (उत्तर-दक्षिण) अक्षाचा बॅलन्स बिघडतो, तो एका बाजूला वजन लावून पुन्हा साधावा लागतो. शिवाय कॅमेरा फोकसरमध्ये उलटा ४५ अंश फिरवून फ्रेम पुन्हा सरळ करायची. अर्धी रात्र यातच गेली. पण हे सगळं पहिल्या फ्रेमच्या आधी करायचं काम आहे, मध्येच कॅमेरा फिरवला तर आधीचे फ्लॅट (कडेचा अंधार आणि धुळीचे डाग दुरुस्त करायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) वाया जातात.

१ मार्च

आज गायडिंगचा ग्राफ मस्त होता, आरएमएस (सरासरी चूक) ०.७ आर्कसेकंद, आणि तरीही ३ मिनिटांच्या प्रत्येक फ्रेममध्ये तारे लांबट. सगळे एकाच दिशेला.

कारण शोधायची सोपी रीत सांगते. डिदरिंग (फ्रेमगणिक दुर्बीण मुद्दाम किंचित सरकवणं) बंद ठेवून तासभर फ्रेम घ्या आणि पहिली व शेवटची फ्रेम प्लेट सॉल्व्ह करून केंद्र किती सरकलं ते बघा. माझं तासाला जवळजवळ ४० पिक्सेल सरकत होतं, म्हणजे ३ मिनिटांत २ पिक्सेल, लांबट ताऱ्यांचा हिशोब बरोबर जुळला. गायडस्कोप तिच्या ताऱ्यावर घट्ट बसलेली होती, पण मोठी ट्यूब तिच्या सापेक्ष हळूहळू वाकत होती. आरसा सेलमध्ये किंचित सरकतो, फोकसर कॅमेऱ्याच्या वजनाने झुकतो, गायडस्कोपचा ब्रॅकेट हलतो. सगळे स्क्रू आवळून पाहिले, सरकणं निम्म्यावर आलं, त्याच्या खाली गेलं नाही.

कुणी म्हणेल की मग १ मिनिटाच्या फ्रेम घे. पण तरी चित्र हळूहळू सरकतच राहतं आणि सेन्सरचे गरम पिक्सेल स्टॅकमध्ये, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र करून बनवलेल्या चित्रात, तिरक्या रेघोट्या बनून उमटतात. तेजस्वी गोष्टींना चालेल, कोमाच्या अंधुक ठिपक्यांना नाही चालत. न्यूटोनियनवर १००० मिमी फोकल लेंथ आणि वेगळी गायडस्कोप ही जोडी या कामासाठी सोडूनच द्यावी असं माझं मत झालंय.

८ मार्च

ऑफ अ‍ॅक्सिस गायडर आला. मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातला कडेचा तुकडा छोट्या प्रिझमने गायड कॅमेऱ्याकडे जातो, त्यामुळे आरसा सरकला तरी गायडरलाही तेच दिसतं आणि ते दुरुस्त होतं.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. एक, करेक्टरपासून सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर हवं असतं, गायडरची जाडी त्यात धरून बाकीच्या रिंगा काढायच्या. पहिल्यांदा बसवलं तेव्हा अंतर दीड मिमी जास्त झालं होतं आणि कोपऱ्यातले तारे सगळे ताणलेले. कॅलिपरने मोजून पातळ रिंगा घालून जमवलं. दुसरं, प्रिझम सेन्सरच्या लांब बाजूला ठेवायचा आणि सावली पडणार नाही इतकाच आत सरकवायचा. फोकस दिवसा, लांबच्या एखाद्या टॉवरवर जमवता येतो. आधी मुख्य कॅमेरा फोकस करायचा आणि मग त्याला हात न लावता गायड कॅमेरा.

रात्री मात्र गायड तारा सापडेना. आकाशगंगेच्या ध्रुवाकडे तारे विरळ आहेत आणि ऑफ अ‍ॅक्सिसवाल्या छोट्याशा खिडकीत पुरेसा उजेड असलेला एकही तारा येईना. कोमाला हा प्रश्न प्रत्येकाला येणार. गायड एक्सपोजर १ सेकंदावरून ४ सेकंद केलं, बिनिंग २ केलं (शेजारचे पिक्सेल एकत्र जोडून मोजले), आणि प्लॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये गायडरची खिडकी काढून फ्रेम अशी सरकवली की दोन दीर्घिका मधोमध नसून थोड्या डावीकडे येतील पण खिडकीत १२व्या प्रतीचा एक तारा येईल. ४ सेकंद चालण्यासाठी माउंट गुळगुळीत हवा, माझ्या माउंट फिरवणाऱ्या वर्म गिअरचं ग्रीस बदललेलं होतं म्हणून निभावलं.

मग मात्र ३ मिनिटांत गोल तारे. ५ मिनिटांतही गोल.

१५ मार्च

काल पौर्णिमा होती, दीर्घिका बंद. हा वेळ डार्क (सेन्सरचा स्वतःचा नॉइज वजा करायला झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) आणि फ्लॅटला.

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते अंधुक दीर्घिकांचं सगळं काम पार्श्वभूमीत अडकलेलं असतं. चांगल्या अंधाऱ्या जागी आकाशाचा स्वतःचा उजेड चौरस आर्कसेकंदाला साधारण २१.५ प्रतीचा असतो. दीर्घिकेच्या बाहेरच्या हेलोचा उजेड २६.५च्या आसपास. ५ प्रतींचा फरक म्हणजे बरोबर १०० पट. म्हणजे आपण जे शोधतोय ते आकाशाच्या उजेडाच्या एक टक्का आहे, आणि फ्लॅट एक टक्क्याने जरी चुकला तरी हेलो गेला किंवा नसलेला हेलो तयार झाला.

डार्क काढताना उजेड गळत होता. झाकण लावलेलं, कॅमेरा उणे १० अंशांवर, १८० सेकंदांची फ्रेम, आणि ट्यूबच्या मागून टॉर्च दाखवली की फ्रेम उजळायची. न्यूटोनियनचा आरशामागचा भाग उघडा असतो आणि आरशाच्या कडेने उजेड आत येतो. मागे काळ्या कापडाची दुपदरी टोपी बसवली. फोकसरच्या नळीच्या आतून चमक येत होती, तिथे काळी मखमल चिकटवली. त्याच टॉर्चने पुन्हा तपासलं, आकडे सारखे आले. ही तपासणी सगळ्यांनी करावी, पाच मिनिटांचं काम आहे.

फ्लॅटसाठी एलईडी पॅनेल आहे. त्याचा ब्राइटनेस खाली आणला की दिवे खूप वेगाने चालू-बंद होतात आणि छोट्या एक्सपोजरमध्ये आडवे पट्टे येतात. ब्राइटनेस पूर्ण ठेवून समोर पांढऱ्या कागदांचे थर लावले आणि एक्सपोजर ३ सेकंदांवर नेलं, पट्टे गेले. बायस फ्रेम (झाकण लावून सगळ्यात छोट्या एक्सपोजरची फ्रेम) वापरल्यावर कडा जास्तच उजळत होत्या, त्याच ३ सेकंदांचे डार्क-फ्लॅट वापरल्यावर बरोबर बसल्या. सीमॉस सेन्सरला बायसपेक्षा हेच भरवशाचं.

२३ मार्च

गच्चीवरून पूर्ण सत्र, चंद्र उशिरा उगवणार होता तोवर. ६० सेकंदांच्या फ्रेम, कारण शहरी आकाशाचा उजेडच इतका की त्यापेक्षा लांब फ्रेमचा उपयोग नाही, आकाशाचा नॉइज सेन्सरच्या रीड नॉइजला (फ्रेम वाचताना सेन्सर स्वतः घालतो तो) केव्हाच गिळून टाकतो. एक फ्रेम ५२ एमबी, तासाला ३ जीबी, डिस्क आधी रिकामी करून ठेवा.

फिल्टरबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहिते. नेब्युलांना (तेजोमेघांना) चालणारे नॅरोबँड, म्हणजे ठरावीक रंगच आत सोडणारे, फिल्टर इथे उपयोगाचे नाहीत. दीर्घिकेचा उजेड म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा उजेड, तो सगळ्या रंगांत पसरलेला, आणि आताचे एलईडी रस्त्यावरचे दिवेही सगळ्या रंगांत. फिल्टरने दोन्ही सारखेच कापले जातात. त्यापेक्षा ते पैसे अंधाऱ्या जागी जाण्यावर घालावेत.

स्टॅक केल्यावर दोन मोठ्या दीर्घिका आणि आजूबाजूला बरेच ठिपके आले. ओळखता येतं की हा कोमा आहे. हेलो मात्र नाहीत.

२९ मार्च

अमावास्या, आणि अंधाऱ्या जागी. आकाशाचा उजेड मोजणाऱ्या एसक्यूएम मीटरवर २१.५ आलं, गच्चीवर १८.५ येतं. ३ प्रतींचा फरक म्हणजे आकाश साधारण १६ पट कमी उजळ, आणि अंधुक वस्तूसाठी तेवढाच नॉइज हिशोब गाठायला गच्चीवर १६ पट वेळ लागेल. इथला १ तास म्हणजे तिथले १६ तास. हा आकडा कागदावर माहीत होता, पण पहिली १८० सेकंदांची फ्रेम स्क्रीनवर आली आणि एनजीसी ४९२१चे फिकट सर्पिल हात एकाच फ्रेममध्ये दिसले तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

फोकस दर १ अंश तापमानाला पुन्हा केला. एफ/५ला फोकसची मुभा ७० मायक्रॉनच्याही आत आहे आणि ट्यूब रात्रभर आकसत जाते.

कोमा मध्यरात्रीनंतर मध्यमंडळ (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो, म्हणजे बरोबर जेव्हा तो सगळ्यात वर असतो तेव्हाच माउंटला मेरिडियन फ्लिप करावा लागतो, म्हणजे दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. फ्लिपनंतर आरसा दुसऱ्या बाजूला टेकतो, कॉलिमेशन (आरशांची जुळणी) किंचित हलतं, फोकस पुन्हा करावा लागतो, गायड तारा पुन्हा शोधावा लागतो कारण खिडकी उलट बाजूला गेलेली असते. मला यात पाऊण तास गेला, तोही रात्रीतला सगळ्यात मोलाचा. पुढच्या रात्रीसाठी असं ठरवलं की ट्यूब ट्रायपॉडला कुठे लागते ते दिवसा बघून माउंटला मध्यमंडळापलीकडे १० अंश जाऊ द्यायचं, आणि फ्लिपनंतरचा गायड तारा आधीच शोधून ठेवायचा.

३० मार्च

१० अंशांची युक्ती चालली, फ्लिप वीस मिनिटांत आटोपला. पण पहाटे तीनच्या सुमारास फ्रेममधले तारे मऊ होत गेले. फोकस तपासला, ठीक होता. दुय्यम आरशावर दव बसलं होतं. मुख्य आरसा ट्यूबच्या तळाशी असतो म्हणून वाचतो, दुय्यम आरसा आकाशाकडे पाठ करून तोंडाशी असतो, तो लवकर गार होतो. मागे हीटरची छोटी पट्टी लावली आणि ट्यूबच्या पुढे काळ्या फोमचं नळकांडं. दव बसल्यानंतरच्या फ्रेम सगळ्या टाकल्या. ताऱ्यांचा आकार आणि पार्श्वभूमीचा आकडा यांचा आलेख काढला की कुठून टाकायच्या ते लगेच कळतं.

५ एप्रिल

दोन्ही रात्रींचं मिळून सहाएक तासांचं चांगलं मटेरियल. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केलं, सिग्मा क्लिपिंगने (बाकी फ्रेमपेक्षा फार वेगळे पिक्सेल टाकून देण्याने) उपग्रहांच्या रेघा गेल्या, त्यासाठी वीसेक फ्रेम तरी हव्यात.

पार्श्वभूमीचा असमान उजेड, म्हणजे ग्रेडियंट, काढताना मात्र गडबड. ऑटोमॅटिक सॅम्पल (पार्श्वभूमी मोजायचे ठिपके) आणि वरच्या डिग्रीचा पॉलिनॉमियल, म्हणजे बरीच वळणं घेणारा पृष्ठभाग, लावला तर चित्र एकदम स्वच्छ दिसलं, पण ४८७४ आणि ४८८९च्या मधला पसरट उजेडही गेला. समूहातल्या दीर्घिकांमधून निसटलेल्या ताऱ्यांचा तो उजेड असतो आणि सॉफ्टवेअरला तो ग्रेडियंट वाटतो. परत मागे जाऊन प्रत्येक फ्रेमवर वेगळी, फक्त डिग्री १ची पार्श्वभूमी काढली, कारण रात्रभरात ग्रेडियंटची दिशा बदलत जाते, आणि मग स्टॅक केलं. स्टॅकवर सॅम्पल हाताने ठेवले, दीर्घिकांपासून लांब, मधला पंधरा-वीस आर्कमिनिटांचा भाग मोकळा सोडून. या वेळी पार्श्वभूमी थोडी असमान राहिली पण उजेड टिकला. मला हे चित्र जास्त खरं वाटतं.

९ एप्रिल

चंद्र मोठा, म्हणून ३सी २७३. कन्या राशीतला हा क्वासार (दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र) १२.९ प्रतीचा आहे, म्हणजे ८ इंची दुर्बिणीला अगदी सोपा, ३० सेकंदांच्या फ्रेममध्येही येतो. दिसतो निव्वळ ताऱ्यासारखा. मार्टेन श्मिट यांनी १९६३मध्ये याच्या वर्णपटातल्या रेषा ओळखल्या, ताम्रसृती (दूर जाण्याने रेषांचं लाल बाजूला सरकणं) ०.१५८ निघाली, अंतर २४० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. चांदण्या रात्री दूरचं काही हवं असेल तर हे करा.

२७ एप्रिल

पुन्हा अमावास्या, पुन्हा अंधारी जागा. हवेत धुरकट थर, एसक्यूएम २१.२, आणि कोमा आता संध्याकाळपासूनच वर असल्यामुळे रात्रीचा पहिला भाग चांगला गेला. क्षितिजापासून ४५ अंशांच्या खाली आला की थांबवलं. खालच्या फ्रेम घेऊन एकूण तास वाढतात पण स्टॅक सुधारत नाही, मी दोन्ही प्रकारे करून पाहिलं, खालच्या फ्रेम टाकल्यावर चित्र जास्त खोल होतं.

३ मे

एकूण दहाएक तास झाले. एक तासाचा, चार तासांचा आणि सगळा असे तीन स्टॅक शेजारी ठेवून पाहिले. १ ते ४मध्ये फरक डोळ्यांत भरतो, ४ ते १०मध्ये शोधावा लागतो. वेळ चौपट केला की सिग्नल टू नॉइज दुप्पट होतो, त्यामुळे पुढचा ठळक टप्पा ४० तासांवर आहे. या आकाशाखाली मी १०वर थांबले.

प्लेट सॉल्व्ह करून कॅटलॉगची नावं चित्रावर टाकली. एनजीसी आणि आयसी क्रमांकवाल्या सगळ्या आल्या, आणि आकाशाच्या स्लोन सर्व्हेशी जुळवून पाहिलं तर २०व्या प्रतीच्या आसपासचे ठिपके ओळखता येतात. त्यातले बरेच कोमाचे नाहीत, खूप मागचे आहेत. तारा आहे का दीर्घिका हे ठिपक्याच्या रुंदीवरून ठरवलं. ताऱ्यांची रुंदी फ्रेमभर सारखी, साधारण ३ आर्कसेकंद, त्याहून स्पष्ट रुंद असेल तर दीर्घिका. अगदी काठावरच्यांची मी नावं टाकली नाहीत.

एनजीसी ४८८९कडे बराच वेळ बघत बसले. तिच्यातल्या कृष्णविवराचं वस्तुमान २०११च्या मोजणीत सुमारे २१०० कोटी सूर्यांएवढं निघालं होतं. चित्रात ती म्हणजे एक पिवळसर, कडा विरघळत जाणारा गोळा आहे. तो हेलो कुठे संपतो ते सांगता येत नाही, आणि कडा अशी विरघळत गेली याचंच मला समाधान आहे, कारण फ्लॅट चुकला असता तर ती कुठेतरी तुटली असती.

२५ मे

त्याच सामानावर उत्तर मुकुटातला एबल २०६५. जॉर्ज एबल यांनी १९५८मध्ये पालोमार सर्व्हेच्या प्लेट बघून २,७१२ समूहांची यादी केली, त्यातला हा, अंतर साधारण १०० कोटी प्रकाशवर्षं. बीटा ताऱ्याच्या नैर्ऋत्येला दोन अंशांच्या आत.

लावायच्या आधी हिशोब केला. १ लाख प्रकाशवर्षं रुंद दीर्घिका कोमाच्या अंतरावर ६२ आर्कसेकंद दिसते, माझ्या कॅमेऱ्यावर ८० पिक्सेल. इथे तीच २० आर्कसेकंद, २६ पिक्सेल. त्यातली कड अंधुक असल्यामुळे हाती दहाबारा पिक्सेलच लागतात आणि सीइंगच (हवेच्या थरथरीने येणारा धूसरपणा) ४ पिक्सेल खातं. म्हणून आज फोकस आणि कॉलिमेशन यांना तास दिला, कारण इथे प्रत्येक पिक्सेल मोलाचा. गायड तारे इथे भरपूर मिळतात, कोमासारखी शोधाशोध नाही.

चार तास मिळाले, मग ढग आले. स्टॅकमध्ये मधोमध १६व्या-१७व्या प्रतीच्या फिकट दीर्घिकांचा घोळका स्पष्ट आला, काही लांबट, काही गोल, सगळ्यांचा रंग ताऱ्यांपेक्षा लालसर. पार्श्वभूमीत हिरवट ग्रेडियंट आहे तो ढगांच्या आधीच्या शेवटच्या तासाचा, त्या फ्रेम काढून पुन्हा स्टॅक करायचंय. आणि पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्यापासूनच सुरुवात करणार, तेव्हा हा समूह रात्री दोनच्या सुमारास सगळ्यात वर असतो आणि कोमा आटोपला की उरलेली रात्र याला देता येते.